मामांच्या सोयरिकींचे फोल्डर

माझे मामा उमापूरला असतात आणि सोयरिकी जुळवतात. हा त्यांचा धंदा नव्हे. शेती आहे, एके काळी सरपंचकी करून झाली आहे, आणि जुळवलेल्या लग्नात टॉवेल-टोपीपलीकडे ते काही घेत नाहीत. पण जीव खरा या कामात. तालुक्यात कोणत्या घरात लग्नाचा मुलगा आहे, कोणाची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, कोणाच्या आईचं माहेर कुठलं, हे सगळं त्यांच्याकडे असतं. आधी ते खताच्या दुकानातून मिळालेल्या डायऱ्यांमध्ये होतं. डायऱ्या झाल्या पोतंभर, आणि हवं ते पान हव्या त्या वेळी सापडेना. मी गेवराईच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. असं पोतं बघितल्यावर मला गप्प बसवत नाही. मी त्यांना एक टॅब आणून दिला, त्यात नोंदी ठेवायचं एक ॲप टाकलं, आणि तिथून आमची भांडणं सुरू झाली.

आमच्या घरात भाचीनं मामाच्या पाया पडायचं नसतं, उलट मामाच भाचीला वाकून नमस्कार करतो. त्यामुळे मामा माझ्यावर रागावले तरी आधी नमस्कार करून मग रागावतात. मी मात्र सरळ रागावते. मामी म्हणते, हिला लहानपणी डोक्यावर बसवली, आता उतरत नाही. खरं आहे.

पहिलं भांडण फोल्डरवरून झालं. मामांनी गाववार फोल्डर केले. चकलांबा, जातेगाव, तलवाडा असे एकाखाली एक. प्रत्येकाच्या पोटात ‘मुलं’ आणि ‘मुली’. इथवर माझी हरकत नव्हती. पण त्यांनी एक फोल्डर गावांच्या रांगेबाहेर काढला आणि त्याला नाव दिलं ‘दुसरेपण’. ज्यांचं पहिलं लग्न मोडलं किंवा ज्यांचा जोडीदार गेला अशी सगळी माणसं, कोणत्याही गावची असोत, त्यात. तो फोल्डर सगळ्यात खाली राहावा, उघडल्या उघडल्या समोर येऊ नये, म्हणून मामांनी त्याच्या नावाआधी ‘ज्ञ’ लावलं. आपण सगळे शाळेत ज्ञ शेवटी शिकलो. पण टॅबच्या हिशेबात ज्ञ म्हणजे ‘ज’चंच भावंड. त्यामुळे तो फोल्डर गेला थेट मधोमध, जातेगावाच्या खाली आणि तलवाड्याच्या वर.

“ह्याला बाराखडीबी येत न्हाई!” मामा म्हणाले. “कावून विश्वास ठिवायचा असल्या यंत्रावर?”

मी त्यांना कारण समजावून सांगितलं. त्यांनी ते ऐकलं नाही. ज्ञ काढून ‘ह’ लावला. मग त्याच्या खाली फक्त हिरापूर उरलं, तेवढं त्यांनी चालवून घेतलं.

माझं म्हणणं असं होतं की माणसाला एका फोल्डरमध्ये कोंबायचंच कशाला? ॲपमध्ये टॅग होते. एका नोंदीला हवे तेवढे टॅग लावा. गाव लावा, शिक्षण लावा, बागायत लावा, पुण्याला कंपनीत असेल तर पुणे लावा. शोधताना कुठूनही शोधा, माणूस सापडतोच. मी त्यांना ग्रंथालयातलं उदाहरण दिलं. पुस्तक कपाटात एकाच जागी उभं राहतं हे खरं, पण जुन्या काळी त्याची कार्डं तीन ठिकाणी असायची, लेखकाच्या खणात एक, नावाच्या खणात एक आणि विषयाच्या खणात एक.

“पुस्तकाला गाव नसतं बाई,” मामा म्हणाले. “मान्साला एकच गाव असतं.”

“आईचं माहेर दुसरं असतं की. तुम्हीच आधी ते विचारता.”

“ते आत लिवायचं. डब्यावर न्हाई.”

शेवटी भाचीचा हट्ट म्हणून त्यांनी मला प्रत्येक नोंदीच्या तळाशी टॅग टाइप करू दिले. स्वतः त्यांनी एकही लावला नाही. ते त्यांना बाजारातल्या शेळीच्या कानातल्या बिल्ल्यासारखे वाटत. मला राग येई आणि हसूही येई, कारण माणसांना बिल्ले लावू नयेत म्हणणाऱ्या याच गृहस्थांनी यादीच्या तळाशी ‘ह दुसरेपण’ करून ठेवलं होतं. हे मी एकदा बोलून दाखवलं. मामा चहा बशीत ओतत राहिले.

एक गोष्ट मात्र त्यांची मला पहिल्या दिवसापासून आवडली. मुलीच्या नोंदीत जन्मतारीख आणि शाळेच्या टीसीचा फोटो असल्याशिवाय ते ती नोंद पूर्ण धरत नसत. उसाच्या तोडीला जायच्या आधी घाईघाईनं लग्न उरकू बघणारी माणसं दिवाळीच्या सुमारास यायची. मामा टीसी मागायचे. टीसी नाही म्हटलं की, “मंग पोरीला शाळंत धाडा, सोयरीक माझ्याकडं हाय, कुटं पळून जात न्हाई,” असं म्हणून चहा पाजून परत लावायचे. आवाज एवढा मोठा की समोरच्या मारुतीच्या पारावर ऐकू जाई.

त्या आवाजाला एक कारण होतं, ते सांगायला हवं. आमच्याकडे सोयरीक आली की पहिला प्रश्न शिक्षणाचा किंवा शेतीचा नसतो. पहिला प्रश्न असतो, ‘मधी कोण हाय?’ मधला माणूस दोन्ही घरांच्या बाहेरचा लागतो. इकडचं म्हणणं तिकडे न्यायचं, नेता नेता त्याचे काटे मोडायचे, आणि पुढे काही बिनसलं तर दोन्हीकडच्यांचं ऐकून घ्यायचं. बाप स्वतःच्या मुलीच्या सोयरिकीत मधी बसू शकत नाही. मामा शेकडो घरांच्या मधी बसले, म्हणून त्यांना कोणापुढे आवाज खाली करायची सवय नव्हती. एकदाच त्यांना दुसरा माणूस मधी घ्यावा लागला, त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या वेळी.

माझी ही मामेबहीण फार्मसी शिकलेली. तिच्या लग्नात मधी एक वजनदार पुढारी होते. स्थळ परळी वैजनाथच्या बाजूचं. एवढा मोठा माणूस शब्द देतोय म्हटल्यावर मामांनी चौकशी केली नाही. परक्यांच्या मुलींसाठी चार गावं पालथी घालून, हॉटेलात चहा पीत बसून, मुलगा कोणाबरोबर उठतो-बसतो हे काढणारा माणूस स्वतःच्या मुलीच्या वेळी घरात बसून लग्नपत्रिका निवडत राहिला. मुलगा दारूत बुडालेला निघाला. हात उचलायला लागला तेव्हा ती परत आली, कोर्टातून रीतसर मोकळी झाली, आणि घराच्या पुढच्या खोलीत तिनं मेडिकल टाकलं. आज उमापुरात लोक डॉक्टरकडून आले की चिठ्ठी तिच्याकडून नीट समजून घेतात. ती चिडत नाही, ओरडत नाही, आणि बापासारखीच हसताना खांदे हलवते. माझा तिच्यावर फार जीव आहे.

आता गुरुजींकडे येते. चकलांब्याचे निवृत्त मुख्याध्यापक. तेही सोयरिकी जुळवतात. मामांचे जुने दोस्त आणि तितकेच जुने वैरी. गुरुजींचं सगळं एक्सेलमध्ये. उंचीचा रकाना, शिक्षणाचा रकाना, देवकाचा रकाना. रकाना रिकामा राहिला की त्यांना चैन पडत नाही, ते रात्रंदिवस फोन करून तो भरून घेतात. वर्गात बोलल्यासारखे बोलतात, अगदी फोनवरसुद्धा.

“तुमच्या नोंदी म्हणजे निबंध आहेत,” गुरुजी मामांना म्हणायचे. “उंची शोधायची तर तिसऱ्या परिच्छेदात सापडते.”

“आन तुमच्या एक्सेलात ‘पोरगी हसरी हाय’ हे कुटं लिवायचं?”

“शेरा या रकान्यात.”

“रकान्यात हसतीय व्हय ती?”

दोघंही अडत असत, कारण मुलाचं स्थळ एकाकडे आणि जोडीची मुलगी दुसऱ्याकडे, असं नेहमी व्हायचं. एकदा मामांनी मोठं मन करून आपल्या सगळ्या नोंदींचा बॅकअप गुरुजींना व्हॉट्सॲपवर पाठवला. गुरुजींना तो उघडेना. दोन दिवस त्यांनी तालुक्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांना तो दाखवला. फाइल होती, पण तिच्या पोटात काय आहे ते कोणालाच दिसत नव्हतं.

मला निमित्तच हवं होतं. मी मामांना तासभर सुनावलं. ॲपचा स्वतःचा फॉरमॅट म्हणजे त्याची स्वतःची भाषा, दुसऱ्या कोणाला ती वाचता येत नाही. उद्या ते ॲप बंद पडलं की तुमच्या नोंदी आत अडकल्या. साध्या टेक्स्टमध्ये ठेवा. ते कुठल्याही फोनवर, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडतं.

“माझ्या नोंदी माझ्या घरात उघडल्या म्हंजी झालं,” मामा म्हणाले. “चकलांब्यात कशाला उघडायला पायजेत?”

“एखाद दिवशी तुम्हालाच वाटेल की उघडाव्यात,” मी म्हटलं. ते मी केवळ वाद जिंकायला म्हटलं होतं.

मामा एका गोष्टीवर मात्र बेहद्द खूश झाले, ती म्हणजे लिंक. एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीला दुवा जोडायचा. मामांचं डोकं तसंच चालतं. ‘तलवाड्याच्या पाटलाच्या साडूचा पुतण्या’ हे त्यांच्यासाठी पूर्ण पत्त्यासारखं आहे. त्यांनी साडू जोडले, व्याही जोडले, मामेकुळं जोडली. मग मी त्यांना ॲपमधला तो नकाशा दाखवला, ज्यात प्रत्येक नोंद म्हणजे एक ठिपका आणि प्रत्येक दुवा म्हणजे एक रेघ. मामा चष्मा पुसून बघतच राहिले. बोटानं ठिपके ओढायचे, सोडायचे, आणि सगळं जाळं हलायचं. “आरं, हे तर समदे पाव्हणे हाएत!” मामीला हाक मारली, गड्याला हाक मारली, मुलीलाही दुकानातून बोलावून घेतलं.

ती हात पुसत आली. बराच वेळ बघितलं. मग सहज विचारलं, “आबा, मी कुटं हाय ह्याच्यात?”

मामांचं बोट टॅबवर तसंच राहिलं.

“तू घरचीच की,” ते म्हणाले. “घरच्यांची नोंद कशाला करायची?”

“आक्काच्या पोरीची केलीया. ती घरचीच हाय.”

हे खरं होतं. माझी मुलगी अजून बारावीत, पण मामांनी हौसेनं तिचाही ठिपका करून ठेवला होता. मामी चहाचे कप गोळा करायला लागली. कारण आम्हा चौघांनाही माहीत होतं. तिची नोंद केली असती तर ती कोणत्या तरी फोल्डरमध्ये ठेवावी लागली असती, आणि मामांच्या पद्धतीप्रमाणे तिच्यासाठी फोल्डर एकच होता. तो त्यांनी स्वतःच्या हातानं तळाशी नेऊन ठेवलेला. त्यात ते मुलीला घालू शकत नव्हते आणि दुसऱ्या कुठे घातलं तर ते आपल्याच नेमाशी खोटेपणाचं झालं असतं.

ती दुकानात परत गेली. मी मागोमाग गेले. ती औषधांचं खोकं फोडत होती.

“मला पुना लगीन करायचंय आक्का,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “आबांना म्या सांगितलंय. ते हू म्हनले. तवापासून साऱ्या तालुक्याच्या सोयरिकी केल्या त्यांनी.”

मला मामांचा इतका राग आला की त्या दिवशी मी नमस्कार न घेताच गेवराईला परत आले.

त्यानंतर काही महिन्यांनी ॲपवाल्यांचा संदेश आला. ॲप बंद होणार, आपापल्या नोंदी काढून घ्या. मी सुटीच्या दिवशी दुपारी उमापूरला पोचले. कूलर घरघरत होता. मामांनी वाकून नमस्कार केला, मी तो घेतला. मी सगळ्या नोंदी साध्या टेक्स्टमध्ये बाहेर काढल्या. ॲपनं त्या काढून दिल्या, पण फोल्डर काही दिले नाहीत, तशी सोयच त्यात नव्हती. सगळ्या गावांची, सगळ्या घरांची माणसं एका लांबलचक यादीत एकाखाली एक येऊन बसली. मी तळाशी टाकलेले टॅग तेवढे शाबूत होते, कारण ते मजकुरातच होते. एरवी मी हे मोठ्यानं बोलून दाखवलं असतं.

मामा आधी घाबरले, मग भडकले. “समदं एक केलंस बाई! आता कोन कुटला, कोन कशातला, कसं कळायचं?”

“गाव नोंदीच्या नावातच आहे मामा. वाचा की.”

ते वाचायला लागले, मोठ्यानं, एकेक. गावं लागली. मुलं, मुली लागल्या. मग एका नोंदीपाशी थांबले. “तलवाडा. मुलगी. बीएस्सी झाली. आईचं माहेर हिरापूर. सैपाकाला हात सढळ. बोलनं गोड, हिशेबाला पक्की. शेळ्या पाळती.” पुन्हा वाचलं. “ही पयली का दुसरेपणाची?”

नोंदीत ते कुठेच नव्हतं. ते फक्त फोल्डरवर होतं, आणि फोल्डर गेला होता. पुढच्या नोंदीचंही तसंच. तिच्या पुढच्या नोंदीचंही. प्रत्येक मुलीबद्दल मामांनी जे लिहिलं होतं ते सारख्याच मायेनं लिहिलं होतं. हसरी, कष्टाळू, जरा फटकळ पण मनाची चांगली. वाचून कोणती कोणत्या डब्यातली हे खुद्द त्यांनाच ओळखू येईना.

मामेबहीण दुकानाच्या दारात उभी होती. ती केव्हा आली ते कळलं नाही. “इचारलं की कळंल आबा,” ती म्हणाली. “त्यात काय यवढं.”

मामांनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता म्हणतील, फोल्डर परत करून दे. मी करून दिले असते. मी वादाला कंटाळले होते.

“नवीन नोंद कर,” ते म्हणाले. “लिव. उमापूर. मुलगी.”

मी लिहायला लागले. त्यांनी शिक्षण सांगितलं, जन्मतारीख सांगितली, मामीच्या माहेरचं कूळ सांगितलं. स्वतःचं मेडिकल आहे, हेही सांगितलं. “लई शांत हाय, लिव. गिऱ्हाइकाला दोनदा समजावून सांगती. आजारी म्हाताऱ्याच्या घरी गोळ्या सोता पोचवती. बापावर राग असला तरी बापाच्या बीपीची गोळी इसरत न्हाई.” मी टाइप करून संपवेपर्यंत ते थांबले. “आता लिव, पयलं लगीन झालतं, मोडलं. लपवायचं न्हाई. पर वर न्हाई लिवायचं. इथंच, ह्या जागी लिव. आन पोरीची त्यात काई चूक न्हवती, आमची चौकशी कमी पडली, हेबी लिव.”

मी लिहिलं. अक्षरं मला नीट दिसत नव्हती. शेवटी ‘अपेक्षा’ आली. तिथे मामा वर्षानुवर्षं सगळ्यांच्या वतीनं ‘अनुरूप’ एवढंच लिहीत आले होते. त्यांनी टॅब माझ्याकडून घेतला आणि मुलीसमोर धरला. तिनं बरंच काही टाइप केलं. आम्ही कोणी डोकावलो नाही.

“आता गुरुजींना धाड,” मामा म्हणाले. “उघडल का तिथं?”

“उघडेल,” मी म्हटलं.

मी नोंद पाठवली आणि थोड्याच वेळात फोन आला. गुरुजी फोनवर हळू बोलायला कधी शिकलेच नाहीत, त्यामुळे मामांनी स्पीकर लावायची गरज नव्हती, तरी त्यांनी तो लावला. “उघडली! उघडली बरं का!” आणि मुख्याध्यापक वर्गात धडा वाचतात तशी त्यांनी ती नोंद वाचायला सुरुवात केली. उमापूर. मुलगी. फार्मसी. वाचता वाचता ते थांबले. पुढचं त्यांनी मनात वाचलं असावं.

मामांनी घसा साफ केला. “गुरुजी,” ते म्हणाले, “मधी कोन ऱ्हाईल?”

“मी आहे की,” गुरुजी म्हणाले, आणि त्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदा इतका हळू ऐकला. “तुम्ही आता फक्त बाप व्हा.”

मामा उभे राहिले. खुंटीवरची टोपी काढून डोक्याला घातली, जणू पाहुणे दारात आले होते. फोन दोन्ही हातांनी धरला. “तुमी म्हनाल तवा येतो गुरुजी. तुमी म्हनाल तिथं. पोरीकडचे हाओत आमी.” इतक्या अदबीनं बोलताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मामीनं पदर तोंडाला लावला.

“आबा,” मुलगी दारातून म्हणाली, “आवाज कावून खाली केलाय?”

मामांनी तिच्याकडे पाहिलं. टोपी सारखी केली. आणि मग पारावर ऐकू जाईल अशा आपल्या नेहमीच्या आवाजात ते फोनमध्ये म्हणाले, “आन गुरुजी, ध्यानात ठिवा! पोरगं कोनाचंबी असू द्या, मधी तुमी असा न्हाईतर आनखी कोन! चार गावं फिरून चौकशी केल्याबिगर मी हू म्हननार न्हाई!”

मेडिकलसमोर उभं असलेलं गिऱ्हाईक चिठ्ठी हातात धरून आत बघायला लागलं. ती खांदे हलवत हसली आणि त्याला औषध द्यायला गेली.